बाबांच्या पिकअपचा आवाज

"त्या गाडीचा आवाज आहे तसाच राहू दे गं," आर्डिथबाई म्हणाल्या होत्या. "माझ्या कपाटातल्या बशा वाजतात खऱ्या, पण मला त्याचा काही त्रास नाही."

हे वाक्य दुसऱ्या कुठल्या गावात कोणी बोललं असतं तर त्याचा अर्थ सरळ होता. पण हे वेल्टन होतं. नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमध्ये वसलेल्या या गावात माणसं मनातलं ओठांवर आणत नाहीत, आणि आणलंच तर उलटं करून आणतात. इथे 'मला काही त्रास नाही' म्हणजे डोळ्याला डोळा लागत नाही. 'कॉफी कशाला उगाच' म्हणजे कप काठोकाठ भर. 'चला, निघतो आता' म्हणजे दारात उभं राहून अजून तासभर गप्पा. तिसऱ्यांदा आग्रह व्हायच्या आत केकच्या तुकड्याला हात लावणारा माणूस बाहेरगावचा आहे, हे लहान पोरही ओळखतं. ट्रीना याच गावात जन्मली, वाढली, वर शहरातल्या कॉलेजात जाऊन मानसशास्त्राची पदवी घेऊन आली. त्यामुळे आर्डिथबाईंच्या वाक्याचा खरा अर्थ लावायला तिला पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही. बिचाऱ्या म्हाताऱ्या बाईला त्या गाडीचा भयंकर त्रास होता.

पुरावाही होता. ट्रीनाची लेक फर्न आठ महिन्यांची, आणि झोप या प्रकाराशी तिचं वैर. त्यामुळे रोज उजाडायच्या सुमाराला ट्रीना मुलीला कडेवर घेऊन खिडकीशी उभी असायची. समोरच्या घरात तिचे बाबा, मर्ल, एकटे राहायचे. ते आपली जुनी पिकअप सुरू करत. म्हणजे काय होई, तर आधी तोफ उडे, मग पत्र्याच्या डब्यात दगड भरून कोणी उतारावरून सोडल्यासारखा आवाज होई, आणि जेमतेम डुलकी लागलेली फर्न टक्क डोळे उघडी. पिकअप रस्त्याच्या टोकाला जाऊन कोपऱ्यावरच्या थांब्याच्या पाटीशी थांबे. तिथे बाबा गाडी जागच्या जागी दोनदा गुरकावत. की लगेच कोपऱ्यावरच्या घरात, आर्डिथबाईंच्या स्वयंपाकघरात, दिवा लागे.

"दचकून उठली बघ बिचारी," ट्रीना फर्नला म्हणे. फर्न तिचं नाक ओढे.

"बाबा, त्या कोपऱ्यावर गाडी गुरकावता कशाला?" तिने एकदा विचारलं होतं.

"इंजिनाचा घसा साफ करतो," बाबा म्हणाले आणि मक्याच्या भावाबद्दल बोलू लागले.

खरं तर आवाज हे वरवरचं कारण. ट्रीनाला खरी काळजी धुराची होती. काळजी ही तिची पूर्णवेळ नोकरी. आंघोळ, जेवण, झोप हे सगळं ती फावल्या वेळात उरकायची. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय ते घरात कोणाला मिळत नसे, नवऱ्यालाही नाही. आणि या सगळ्या काळज्यांच्या बुडाशी एक मोठी काळजी ठाण मांडून बसलेली होती: आई गेल्यापासून बाबा एकटे. एखाद्या सकाळी ते उठलेच नाहीत, तर ते कळणार कोणाला, आणि कधी? तिने त्यांना गळ्यात घालायचं एक बटण आणून दिलं होतं. दाबलं की मदत येते. बाबांनी ते पिकअपच्या आरशाला शोभेला टांगलं. आता त्या पिकअपच्या सायलेन्सरला मुठीएवढं भोक, तळाचा पत्रा गंजून जाळी झालेला, आणि धूर थेट बाबांच्या पायांशी. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेला येतो आणि उठतच नाही, असं ट्रीनाने वाचलं होतं. वाचलं नसतं तर बरं झालं असतं, पण वाचल्याशिवाय ती राहत नसे.

थोडक्यात, फर्नची झोप, आर्डिथबाईंची झोप आणि बाबांचा जीव, या तिन्ही गोष्टींवर एकच उपाय होता. नवा सायलेन्सर.

नवरा वेस आठवडाभर बाहेरगावी, पवनचक्क्यांच्या टोकावर चढून त्यांची दुरुस्ती करायचा. तो फोनवर म्हणाला, "मी शनिवारी येतो, तेव्हा बघू." वेसचा हा शनिवार कुठल्या कॅलेंडरात असतो हे लग्नानंतरही ट्रीनाला कळलेलं नव्हतं. फोनवरच्या व्हिडिओतला दाढीवाला मात्र म्हणाला, "अर्ध्या तासाचं काम. कोणीही करू शकतं." ट्रीनाला वाटलं, आपण कोणीही आहोतच.

बाबांची परवानगी घ्यायला ती गेली.

"चालते आहे ना गाडी?" बाबा म्हणाले.

"धूर आत येतो, बाबा."

"खिडकी उघडी असते."

"थंडीत?"

"थंडीत जास्त उघडी असते. काच वर जात नाही."

"मग तीही दुरुस्त करते," ट्रीना म्हणाली, आणि तिथेच खरी चूक झाली, कारण 'तीही' हा शब्द जुन्या गाडीच्या कानावर पडू द्यायचा नसतो. बाबांनी खांदे उडवले. "हौस असेल तर कर बापडी. मला काही त्रास नाही."

इथेही त्या वाक्यापाशी तिने थांबायला हवं होतं. पण ते बाबा होते. बाबांच्या वाक्यांचे अर्थ लावणं तिने लहानपणीच सोडून दिलं होतं.

पहिला अडसर सुट्या भागांच्या दुकानात आला. काउंटरवरच्या माणसाने गाडीचं साल, इंजिन, लांबी विचारली आणि बराच वेळ कॉम्प्युटर बडवला.

"बाई, ही गाडी नाही."

"नाही म्हणजे? बाहेर उभी आहे."

"असेल. पण कॉम्प्युटरमध्ये नाही. या सालच्या गाडीला हे इंजिन येतच नाही."

घरी येऊन विचारल्यावर बाबांना आठवलं की इंजिन दुसऱ्या एका पिकअपमधलं आहे, ती ओढ्यात गेली होती. गिअरचा खोका तिसऱ्या गाडीतला. दारं चुलतभावाच्या. "मग यातलं मूळ काय आहे, बाबा?" बाबांनी बराच विचार केला. "मी," ते म्हणाले.

मग ट्रीनाच्या डोक्यात आलं की एवढं करतोच आहोत तर जुन्या गाड्यांना मिळते ती खास नंबरपाटीही घेऊन टाकू. तालुक्याच्या कचेरीतली बाई शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसायची. तिने चष्म्यावरून खिडकीबाहेर पाहिलं.

"आमच्या नोंदीत गाडी हिरवी आहे. ही तपकिरी आहे."

"तो गंज आहे, शेरिल."

"मग रंग बदलल्याचं कळवायला हवं होतं."

"गंज चढतो, लावत नाहीत! आणि तू लहानपणापासून ही गाडी बघते आहेस. हिच्या हौद्यात बसून आपण जत्रेला जायचो."

"शेरिल म्हणून मी ओळखते गं," शेरिल दुःखाने म्हणाली. "पण खिडकीच्या या बाजूने नाही ओळखत."

तर नंबरपाटीचा नाद सोडून ट्रीना मूळ कामाला लागली. फर्नला ओसरीवर जाळीच्या पाळण्यात ठेवलं, तिचा आवाज ऐकायचं यंत्र कमरेला लावलं, जॅकने गाडी उचलली, खाली मजबूत टेकू दिले, टेकूंना टेकू दिले, आणि आत सरकली. पाच मिनिटांत तिला चार बूट दिसले. वेल्टनमध्ये कोणाच्याही पिकअपचं बॉनेट उघडलं की माणसं हौद्याच्या कठड्यावर कोपरं टेकायला येतात. बोलवावं लागत नाही. दोन बूट बाबांचे. दुसरे दोन शेजारच्या ड्वेनचे. ड्वेन गावातल्या स्वयंसेवकांच्या रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर होता आणि उरलेल्या वेळात सल्लागार.

"बोल्ट गंजले असतील," ड्वेन म्हणाला.

"हो," ट्रीना खालून म्हणाली.

"तेल मार."

"मारलंय."

"मग थांब."

"किती?"

"माझ्या मेव्हण्याने मारलं होतं. तो थांबला आणि मग त्याने गाडीच विकली."

"ड्वेन, पाना दे."

"कुठला?"

"जो लागेल तो!"

"असं म्हणते ना ही," ड्वेन बाबांना म्हणाला, "म्हणूनच मी यात पडत नाही."

पहिला बोल्ट निघाला नाही. दुसरा निघाला, पण अर्धाच. उरलेला अर्धा आत राहिला. दाढीवाल्याने सांगितल्याप्रमाणे तिने गॅसच्या बत्तीने तिसरा तापवला, आणि त्याच्या मागे तीन पिढ्या सुखाने नांदत असलेल्या उंदरांच्या घरट्याने पेट घेतला. उंदीर बाहेर, ट्रीना बाहेर, आणि ड्वेन त्या दोघांच्याही आधी अंगणाबाहेर. बाबांनी शांतपणे हातातली कॉफी आगीवर ओतली. "थंडच झाली होती," ते म्हणाले.

ओसरीवर फर्न टाळ्या पिटत होती. यंत्रामुळे त्या टाळ्या ट्रीनाच्या कमरेतूनही वाजत होत्या.

अर्ध्या तासाच्या त्या कामाला जवळजवळ सगळा उन्हाळा लागला. मधल्या काळात खिडकीची काच वर गेली आणि खाली यायला तयार होईना. मागचं बघायला ट्रीनाने एक छोटा कॅमेरा बसवला. बाबा त्या पडद्यात स्वतःचंच अंगण इतक्या कौतुकाने बघत बसले की बघता बघता मागच्या गुलाबाच्या वाफ्यात गेले. नवे दिवे इतके प्रखर निघाले की ड्वेनच्या बायकोने दिवाणखान्याचे पडदे बदलले. डावा इंडिकेटर लावला की वायपर हलू लागले. वायर कुठे चुकली हे अखेरपर्यंत कळलं नाही. कोरड्या कडक उन्हात वायपर हलवत येणारी पिकअप दिसली की लोक समजायचे, मर्ल डावीकडे वळणार.

"फक्त पावसात वळावं मी," बाबा म्हणाले. पण ते चिडले नाहीत. संध्याकाळी ते गाडीशेजारी खुर्ची टाकून बसत, नातीला मांडीवर घेऊन तिच्या हातात एकेक नट देत, आणि ट्रीना त्या प्रत्येक नटामागे, "बाबा! तोंडात घालेल ती!" असं खालून ओरडे. आई गेल्यापासून बाप-लेक इतका वेळ एकत्र बसले नव्हते. एकीने जमिनीवर पाठीवर पडून, दुसऱ्याने खुर्चीत बसून, एकमेकांचे चेहरे न बघता. वेल्टनमध्ये मनातलं बोलायला यापेक्षा चांगली बैठक नाही. तरीही बाबा कोपऱ्यावरच्या त्या गुरकावण्याबद्दल काही बोलले नाहीत.

शेवटी नवा सायलेन्सर बसला. ट्रीनाने नवे बोल्ट घातले आणि पुढे कोणाला काढावे लागले तर त्याचे असे हाल होऊ नयेत म्हणून प्रत्येक बोल्टला नीट ग्रीस लावलं.

बाबांनी किल्ली फिरवली. काही झालं नाही.

"बंद पडली," ड्वेन समाधानाने म्हणाला.

"सुरू आहे," ट्रीना म्हणाली. सगळ्यांनी कान पुढे केले. खरंच, मांजर झोपेत करतं तशी घुरघुर येत होती. फर्न ओसरीवर झोपली होती आणि झोपूनच राहिली. ट्रीनाला वाटलं, पदवी मिळाली तेव्हाही आपल्याला इतका आनंद झाला नव्हता.

त्याच आनंदात तिने जर्दाळूचे कोलाचे केले, ते गोड पाव ताटात मांडून कोपऱ्यावर गेली. आर्डिथबाईंना कानांचं यंत्र लावायला थोडा वेळ लागला.

"आता निवांत झोपा हं, आर्डिथबाई! बाबांची गाडी गप्प केली मी."

आर्डिथबाई जरा वेळ काचेच्या कपाटाकडे बघत राहिल्या. आत निळ्या काठाच्या बशा उभ्या लावलेल्या होत्या.

"अगदीच ऐकू येत नाही?"

"अगदीच नाही!"

"छान झालं हो," त्या म्हणाल्या. "किती करतेस तू आम्हा म्हाताऱ्यांसाठी."

दुसऱ्या दिवशी उजाडताना ट्रीना खिडकीशी उभी राहिली. पिकअप निघाली, कोपऱ्यावर थांबली, आणि आर्डिथबाईंच्या घरात दिवा लागला नाही. पिकअप जरा जास्तच वेळ थांबल्यासारखी वाटली. मग वायपर हलले आणि ती डावीकडे वळून गेली. "झोपल्या बघ कशा शांत," ट्रीना कुजबुजली. थोड्या वेळाने फोन वाजला. आर्डिथबाईच होत्या.

"मर्ल बरा आहे ना गं?"

"मस्त आहेत! कॉफीला गेलेत."

"हो का? बरं. मग ठीक. सहज केला."

बाबा मात्र कॉफीवरून पडेल चेहऱ्याने आले. ते उमेदीत गावच्या धान्यकोठारावर वजनकाट्यापाशी नोकरीला होते, आणि रोज सकाळी तिथेच जुनी मंडळी कॉफीला जमत. "मी आत गेलो तर कोणी मान वर केली नाही," ते म्हणाले. "आधी गाडी पाण्याच्या टाकीपाशी आली की माझा कप भरलेला असायचा. आज मीच ओतून घेतली."

"होईल सवय, बाबा."

"होईल ना. मला काही त्रास नाही."

दिवस जात राहिले. रोज पिकअप कोपऱ्यावर थांबे, खिडकीत अंधार असे, पिकअप पुढे जाई. आर्डिथबाईंना झोप लागते आहे याचं ट्रीनाला इतकं समाधान होतं की तिने वेसला फोन करून सांगितलं. "एका सायलेन्सरने तिघांचं भलं झालं," ती म्हणाली. वेस म्हणाला, "मी शनिवारी येतो, तेव्हा बघतो."

एके दिवशी बाबांनी बूट काढता काढता विचारलं, "आर्डिथ माझ्यावर रागावली आहे का गं?"

"तुमच्यावर? कशाला?"

"तिचा केकचा ट्रे माझ्याकडे पडून आहे. वसंतापासून."

हा गुन्हा किती मोठा, हे वेल्टनकरांनाच कळेल. ट्रे परत न करणं वाईट, आणि रिकामा परत करणं त्याहून वाईट. त्यात काहीतरी स्वतःच्या हातचं घालून द्यावं लागतं. आणि बाबांना उकडलेलं अंडं सोडून काही येत नव्हतं.

"मी करून देते काहीतरी," ट्रीना म्हणाली.

"नको. ट्रे मी घेतला होता." मग थोडं थांबून, "पण तुला तसं काही वाटलं का? तिच्या बोलण्यातून?"

"नाही हो बाबा. उलट हल्ली छान झोप लागते त्यांना."

"हं," बाबा म्हणाले.

त्यानंतर बाबांच्या स्वयंपाकघरातून दोनदा धूर आला. दुसऱ्या वेळी ड्वेन रुग्णवाहिका घेऊनच आला. शेवटी एका दुपारी, दालचिनीचे गुंडाळे म्हणून ओळखता येतील अशा काही वस्तू त्या ट्रेमध्ये बसल्या. बाबांनी ओले केस विंचरले, लग्नाकार्यातला शर्ट घातला, आणि ट्रे दोन्ही हातांत धरून कोपऱ्याकडे चालत निघाले. ट्रीनाने फर्नला खिडकीशी उचलून धरलं. "बघ, तुझे आजोबा माफी मागायला निघालेत," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.

बाबांनी दार वाजवलं. थांबले. पुन्हा वाजवलं. वेल्टनमध्ये दारांना कुलपं नसतात, पण बोलावल्याशिवाय कोणी आत जात नाही. बाबांनी ट्रे पायरीवर ठेवला आणि ते परत निघाले. अर्ध्या रस्त्यात ते थांबले. मागे वळले. अंगणातून फिरून स्वयंपाकघराच्या खिडकीला हातांचा आडोसा करून त्यांनी आत पाहिलं.

ट्रीनाने जन्मात बाबांना पळताना पाहिलं नव्हतं.

आर्डिथबाई स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या. आदल्या दिवशीच्याही आदल्या संध्याकाळी पाय घसरून पडलेल्या. खुबा मोडलेला, दिव्याचं बटण हातभर उंच. बाबा दोन पहाटा त्या खिडकीसमोर थांबून, अंधार बघून, पुढे निघून गेले होते. सायलेन्सर बसल्यापासूनच्या सगळ्या पहाटांना तोच अंधार होता. त्या दोन पहाटांचा अंधार वेगळा कसा ओळखायचा?

स्ट्रेचरवर ठेवताना त्या शुद्धीवर होत्या. "एवढं काही नाही रे, ड्वेन," त्या पुटपुटल्या. "उगाच तुमची धावपळ."

ट्रीना रोज इस्पितळात जात असे, फर्नला घेऊन. थोडी हुशारी वाटत होती त्या दिवसांत एकदा आर्डिथबाईंनी फर्नचं पाऊल हातात धरलं आणि आपण होऊनच बोलल्या.

"बशा वाजल्या नाहीत की कळत नाही गं मला. रात्री यंत्र काढून ठेवते ना कानांतलं. तुझ्या बाबाची गाडी तेवढी पोचते. ती कानाने नाही ऐकत मी. बशा वाजतात, फरशी हलते. तो दोनदा गुरकावतो, म्हणजे, आर्डिथ, आहेस का? मी दिवा लावते, म्हणजे, आहे रे, जा तू कॉफीला."

"हे कधी ठरवलं तुम्ही?"

"ठरवायचं काय त्यात? तुझी आई गेली, त्या हिवाळ्यात सुरू झालं. एकदा मला ताप होता, दिवा लावला नाही, तर हा लगेच दारात, हातात पाना घेऊन. म्हणाला, तुझा नळ गळतोय का? मी म्हटलं, नाही. म्हणाला, बरं, आणि गेला." त्या जरा हसल्या. "तू गाडी गप्प केलीस तेव्हा मला वाटलं, कंटाळा आला असेल त्याला. म्हातारीचं कोण किती दिवस करणार."

"मला सांगितलं का नाहीत, आर्डिथबाई?"

त्या तिच्याकडे बघत राहिल्या. त्या बघण्यात राग नव्हता, थोडं आश्चर्य होतं.

"सांगितलं होतं की गं," त्या म्हणाल्या.

इस्पितळातच त्यांच्या छातीत कफ झाला आणि मका कापणीला यायच्या आत त्या गेल्या. चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच आणि बटाट्याचं सॅलड झालं. बाबांनी भाजलेले ते गुंडाळे कोणीतरी ट्रेसकट आणून टेबलावर ठेवले होते. ते दगडासारखे होते. सगळ्यांनी एकेक घेतला आणि सगळ्यांनी संपवला.

दुसऱ्या दिवशी ट्रीनाला अंगणात पिकअपखालून दोन बूट बाहेर आलेले दिसले. ती फर्नला घेऊन धावत गेली.

"बाबा!"

"पाना दे," बाबा खालून म्हणाले.

तिने फर्नला गवतावर बसवलं आणि तीही खाली सरकली. दोघं शेजारी शेजारी पाठीवर पडले. पाइप चांगला होता, धूर आत येत नव्हता. तो तसाच ठेवायचा, फक्त सायलेन्सर काढायचा, असं बाबा म्हणाले. ट्रीनालाच राहवेना.

"बाबा, मी..."

"हे बघ," बाबा म्हणाले. त्यांनी पाना लावला आणि पहिला बोल्ट हाताने फिरवावा तसा सहज फिरला. दुसराही. तिसराही. "ग्रीस लावलं होतंस?"

"हो."

"छान केलंस. इतकं नीट कोणी करत नाही."

सगळ्या उन्हाळ्यात तिच्या हातून बिनचूक झालेली ती एकच गोष्ट होती. ट्रीना तिथे, तेलाच्या थेंबांखाली, इतकी रडली की बाबांना पाना ठेवून तिच्या हातावर हात ठेवावा लागला. दोघांचेही हात काळे होते. गवतावर फर्नने एक नट तोंडात घातला होता. तो काढायला दोघंही एकदमच उठले आणि दोघांचीही डोकी गाडीच्या तळाला आपटली.

आता पिकअप पुन्हा पूर्वीसारखी तोफ उडवत निघते. कोपऱ्यावर थांबते, अंधाऱ्या खिडकीसमोर दोनदा गुरकावते, वायपर हलवते आणि वळते. आर्डिथबाईंच्या भाचीने घर आवरताना त्या निळ्या काठाच्या बशा ट्रीनाला दिल्या. त्या ट्रीनाच्या खिडकीतल्या फळीवर उभ्या आहेत. पिकअप सुरू झाली की त्या किणकिणतात, फर्न टक्क डोळे उघडते, आणि ट्रीना स्वयंपाकघराचा दिवा लावते. पहिल्या दिवशी तिने तो लावला तेव्हा पिकअप रस्त्यातच क्षणभर थांबली होती. दुपारी येऊन बाबा एवढंच म्हणाले, "तुझा नळ गळत नाही ना?"

पण पवनचक्क्यांची कंपनी वेसला दूर पश्चिमेला पाठवते आहे. बर्फ वितळलं की ट्रीना, वेस, फर्न आणि त्या बशा, सगळ्यांना जावं लागेल. बाबा यायला तयार नाहीत. "मी इथे बरा आहे," ते म्हणतात. "मला काही त्रास नाही." आता ट्रीनाला या वाक्याचा अर्थ लावायची छाती होत नाही, सरळही नाही आणि उलटाही नाही. तिथल्या खिडकीत बशा मांडता येतील, पण इतक्या लांबून कितीही मोठा आवाज आला तरी त्या वाजायच्या नाहीत.

म्हणून ट्रीनाचं तुमच्याकडे एक मागणं आहे. कधी उजाडताना वेल्टनवरून जाणं झालं, आणि एक हिरवी, म्हणजे तपकिरी, पिकअप ऊन असताना वायपर हलवत वळताना दिसली, तर हात करा आणि पुढे जा. पण ती अंगणातच उभी असली, आणि आवाज नसला, तर कृपा करून थांबा. दार वाजवा. मर्ल म्हणतील, उगाच कशाला त्रास घेतलात. तिकडे लक्ष देऊ नका. दार उघडंच असतं. आत जा.